बर्फाची जागा

मे महिन्यातल्या एका टळटळीत दुपारी शेजारच्या काकू स्टीलचे दोन उभे डबे घेऊन दारात उभ्या राहिल्या. देवगडहून आलेली पेटी एकदम पिकली होती, नातवंडं ऐनवेळी यायची राहिली, म्हणून त्यांनी सगळ्या आंब्यांचा रस काढून टाकला होता. "तुमचा फ्रीज मोठा आहे ना, चार दिवस ठेवता का फ्रीजरात? आमच्याकडे मुंगी शिरायला जागा नाही." मी मोठ्या ऐटीत डावीकडचं उभं दार उघडलं. वरच्या खणात आपोआप बर्फ करणारं यंत्र, त्याखाली त्याचा डबा, तो काठोकाठ भरलेला. खाली खवलेला नारळ, मटार, पराठ्यांची पाकिटं आणि एक पुडकं, ज्याची ओळख घरात कोणालाच पटत नाही. काकूंनी चष्मा सावरून वरच्या डब्याकडे पाहिलं. "अगं बाई, एवढा बर्फ! कोणाला ताप आलाय का?" एरंडवण्यात अशा प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं. मी खालची पाकिटं इकडून तिकडे सरकवून पाहिली, पण उभा डबा काही बसेना. काकू "असू दे, असू दे" म्हणत डबे घेऊन चौथ्या मजल्यावर गेल्या. तिथे साध्या, एका दाराच्या फ्रीजमध्ये त्यांची सोय झाली म्हणे.

ते मला लागलं.

आम्ही सदाशिव पेठेतल्या वाड्यात राहायचो तेव्हा आमचा फ्रीज वाड्यातला पहिला होता. एका दाराचा, आणि आत वरच्या बाजूला फ्रीजर नावाची ॲल्युमिनियमची पेटी. तिच्या चारी अंगांनी इतका बर्फ साचायचा की तिचं झाकण अर्धंच मिटे, आणि आठ-पंधरा दिवसांनी आई फ्रीज बंद करून खाली परात लावून ठेवायची. आत बर्फाचे दोन ट्रे. तेही ॲल्युमिनियमचे, मधल्या जाळीला खटका असलेले. खटका ओढला की कर्रकन आवाज व्हायचा आणि खडे सुटे व्हायचे; ओलं बोट लागलं तर ते धातूला चिकटायचं आणि सोडवताना कातडी ओढली जायची. त्या चिकटण्याची आम्हा मुलांना भीतीही होती आणि ओढही. संध्याकाळी कोणीतरी वाटी घेऊन यायचंच. "वहिनी, थोडा बर्फ आहे का?" कोणाच्या पोराचा घोळणा फुटलेला असायचा, कोणाकडे पाहुण्यांसाठी सरबत करायचं असायचं, कोणाला तापात कपाळावर घड्या ठेवायच्या असायच्या. आई मोजून खडे द्यायची आणि लगेच ट्रे भरून परत आत ठेवायची. फ्रीजमुळे आमचा वाड्यात जो काही मान होता तो त्या दोन ट्रेंचा होता. दूध नासत नाही, भाजी टिकते, याचं कोणाला अप्रूप नव्हतं.

सुट्टीत एकदा आइसक्रीमचा पॉट भाड्यानं आणायचे. त्यासाठी मात्र घरचे ट्रे पुरत नसत; बर्फवाल्याकडून लादी यायची, गोणपाटात गुंडाळलेली, अंगाला लाकडाचा भुसा चिकटलेली. चौकात पाण्याचा ओघळ काढत ती आली की आम्ही अनवाणी तिच्या मागे. लाकडी पिंपात फोडलेला बर्फ आणि खडे मीठ आलटून पालटून भरायचं, मधल्या नळकांड्यात आटवलेलं दूध. मिठामुळे बर्फ शून्याच्या खालीच वितळू लागतो आणि वितळायला लागणारी उष्णता दुधातून ओढून घेतो, हे कॉलेजात गेल्यावर कळलं. तेव्हा एवढंच ठाऊक होतं की मीठ कमी पडलं तर वाटीत दूध येतं. हँडल सुरुवातीला मुलांना मिळायचं, मग जड झालं की काका लोक बाह्या सरसावून पुढे व्हायचे, आणि सगळं श्रेय त्यांच्याकडे जायचं.

तेव्हा लोक बर्फ मागायला येत. आता जागा मागायला येतात.

आमचं बर्फाचं यंत्र कोणी हौसेनं मागितलेलं नव्हतं. दुकानात दोन दारांचा फ्रीज घ्यायचं ठरलं, विक्रेत्यानं "ह्यात सर, ऑटोमॅटिक आइस मेकर येतो" असं ज्या आवाजात सांगितलं त्या आवाजात आपण नाही म्हणायचं म्हणजे आपल्याला काही कळत नाही असं ठरतं. मग प्लंबर आला, सिंकखालून पाव इंची पांढरी नळी ओढून फ्रीजच्या पाठीमागे नेली, मध्ये एक छोटा कॉक बसवला. पहिल्या रात्री आई दचकून उठली. स्वयंपाकघरात आधी पाणी सुटल्याचा आवाज, मग बऱ्याच वेळानं धडधडधड काहीतरी कोसळल्याचा. "कोणीतरी आहे आत." कोणी नव्हतं, यंत्र होतं. त्याचं काम तसं सरळ आहे. विजेवर चालणारा व्हॉल्व्ह थोडं पाणी साच्यात सोडतो. साचा पुरेसा गार झाला, शून्याखाली आठ-दहा अंशांपर्यंत गेला, की आतल्या तापनियंत्रकाला बर्फ झाल्याचं कळतं. मग साच्याखालची छोटी हीटर-कांडी तापते, खड्यांची कड सुटते आणि फिरता दांडा त्यांना डब्यात लोटतो. लगेच पुन्हा पाणी. बर्फ सोडवण्यासाठी फ्रीजरच्या पोटात हीटर, हे वाचून मला हसू आलं होतं. अमेरिकेच्या 'नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी'नं २०११ मध्ये काही फ्रीज तपासले, तेव्हा बर्फाच्या यंत्रामुळे विजेचा खप १२ ते २० टक्क्यांनी वाढलेला दिसला होता. आपल्याकडे बिल पाहून जो तो एसीला बोल लावतो.

यंत्र थांबतं कधी? साच्याच्या कडेला तारेचा एक हात लोंबत असतो. खडे पडायच्या वेळी तो वर उचलला जातो आणि मग खाली येतो. डब्यातला ढीग त्याला आडवा आला, खाली येता आलं नाही, की यंत्र गप्प बसतं. त्या तारेला फक्त ढिगाची उंची समजते. या घरात बर्फ लागतो की नाही, पाहुणे येणार की नाही, गेल्या महिन्यात एक खडा तरी कोणी उचलला का, याच्याशी तिला कर्तव्य नाही. काकूंच्या त्या प्रश्नानंतर मी पुष्कळ वेळा फ्रीजरचं दार उघडून त्या तारेकडे बघत उभा राहिलो आहे. बायको म्हणाली, "बंद कर ते दार, सगळी थंडी बाहेर येतेय."

घरात वापरायचं बर्फाचं यंत्र अमेरिकेत १९५३ च्या सुमारास 'सर्व्हेल' नावाच्या कंपनीनं बाजारात आणलं. तिथे ते शोभून दिसतं. पेला आधी बर्फानं भरायचा आणि उरलेल्या जागेत पेय ओतायचं, ही तिथली रीत. आमच्याकडे आई माठातलं, वाळा टाकलेलं पाणी पिते, बायको कोमट, मी नळाखालचं. हॉटेलात उसाचा रस किंवा सरबत मागवताना आमच्या तोंडून पहिला शब्द 'बिनबर्फाचं' असाच निघतो, घसा बसेल म्हणून आणि बर्फानं पेला भरला तर पैसे वाया जातात म्हणूनही. दुसरं कारण आम्ही मोठ्यानं सांगत नाही. म्हणजे फ्रीजरातली सगळ्यात मोक्याची जागा, डोळ्यांच्या पातळीवरची, गार हवेच्या झोताजवळची, आम्ही अशा पाहुण्यांसाठी राखून ठेवली होती जे आमच्याकडे चहाच पितात.

शिवाय तो बर्फ तरी धड असतो का? महिनाभर पडून राहिलेले खडे काढून पाहिले तर ते बारीक, गोलसर, एकमेकांना चिकटलेले. आताच्या फ्रीजरात बर्फ साचू नये म्हणून पंखा कोरडी हवा सतत फिरवत असतो. त्या हवेत बर्फ न वितळताच वाफ होऊन झिजतो. वर शेजारच्या डब्याचा वास आपल्या अंगाला लावून घेतो. लसणीच्या चटणीचा वास असलेलं लिंबू सरबत मी प्यायलो आहे. आणि उन्हाळ्यात सोसायटीत टँकर येतो, त्या पाण्याचा बर्फ पेल्यात विरघळला की तळाशी पांढरा चुरा राहतो. जड पाणी गोठताना त्यातले क्षार खड्याच्या मध्यात ढकलले जातात, तेच हे. पावसाळ्यात गुरुवारी पाणी बंद असलं की शुक्रवारी नळाला जे येतं त्याचा बर्फ तर चहाच्या रंगाचा निघतो. फिल्टर सहा महिन्यांनी बदलायचा असतो, हे फिल्टरवर लिहिलेलं असतं. ते वाचणारा आमच्या घरात मी एकटा.

तर यंत्र बंद करायचं ठरलं. ते सोपं आहे: तार वर उचलायची, खट् करून अडकेपर्यंत. काहींना बटण असतं, काहींना दारावरच्या पडद्यावर सोय असते. नंतर सिंकखालचा कॉक बंद करायचा. नुसता कॉक बंद करून भागत नाही. पाणी आलं नाही हे बहुतेक यंत्रांना कळत नाही. ती वेळ झाली की व्हॉल्व्ह उघडतात, गुरगुरतात, हीटर तापवतात, रिकामा साचा फिरवतात. आणि नुसता डबा काढून यंत्र चालू ठेवलं तर आणखी मजा, कारण आडवं यायला ढीगच नसतो, तार दर वेळी मोकळी खाली येते आणि बर्फ मटारांवर, पराठ्यांवर, दार उघडल्यावर आपल्या पायांवर पडत राहतो. बाणेरला बहिणीकडे दारातून खडे देणारा फ्रीज आहे. त्याच्या डब्यात खडे पुढे ढकलणारा लोखंडी मळसूत्री दांडा असतो. तिनं त्यात कोथिंबिरीच्या चटणीच्या पिशव्या ठेवायचा विचार बोलून दाखवला तेव्हा मी हात जोडले. कोणी चुकून दारातली कळ दाबली तर चटणी पेल्यात येईल. तसल्या फ्रीजचा डबा सबंध काढून बाजूला ठेवायचा आणि ती जागा वापरायची. दाराकडची वाट तेवढी नीट मिटली आहे ना, बाहेरची दमट हवा आत शिरत नाही ना, हे बघायचं.

डबा रिकामा करून पुसला. जी जागा मोकळी झाली ती डब्यापुरती नव्हती. डब्याच्या बाजूंना, मागे, खाली बोट-दोन बोटं फट होती, तीही सगळी आली. अर्थात मागच्या जाळीतून गार हवा येते ती अडवायची नाही, आणि वरच्या साच्याला किंवा तारेला काही टेकवायचं नाही. एवढं सांभाळलं तर आमच्या फ्रीजमध्ये गोठवायला याहून चांगली जागा दुसरी नाही. बर्फ लवकर व्हावा म्हणून थंडीचा पहिला झोत तिथेच सोडलेला असतो. तो इतके दिवस नळाच्या पाण्यावर खर्च होत होता.

मग मला पिशव्यांचा नाद लागला. रविवार पेठेत बोहरी आळीत जाऊन झिपवाल्या जाड पिशव्या आणल्या. रस डब्यात न भरता पिशवीत भरायचा, बोटभर जाडीचा, हवा काढायची, पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं म्हणून थोडी जागा सोडायची, आणि ताटावर आडवी ठेवून गोठवायची. एकदा घट्ट झाली की उभी. आता आमच्या वरच्या खणात रस, नारळ, सीताफळाचा गर पुस्तकांसारखे ओळीत उभे असतात, कडेला नाव आणि महिना लिहिलेला. काकूंचे उभे गोल डबे का बसले नव्हते तेही तेव्हा लक्षात आलं: चौकोनी खणात गोल डबे शेजारी शेजारी ठेवले तर पाचवा हिस्सा जागा कोपऱ्यांतच जाते. हे गणित शाळेत आपण सगळेच शिकलेलो असतो, पण माझ्या हाती ते एकदम आमरसातून लागलं.

सपाट गोठवण्याचा हा शोध काही आमच्या स्वयंपाकघरात लागलेला नाही. क्लॅरन्स बर्ड्‌सआय नावाचा अमेरिकन माणूस पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे कॅनडाच्या लॅब्राडोरमध्ये राहत होता. तिथले इन्यूट लोक बर्फातून मासा बाहेर काढत आणि कडाक्याच्या वाऱ्यात तो बघता बघता गोठे. महिन्यांनी शिजवला तरी ताजा लागे. झटकन गोठलं की बर्फाचे स्फटिक बारीक होतात, पेशी फाटत नाहीत, हे त्यानं ओळखलं, आणि १९२० च्या दशकात चपट्या खोक्यांतलं अन्न दोन गार पत्र्यांमध्ये दाबून गोठवायचं यंत्र तयार केलं. जाड गोळ्यात थंडी मध्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, पातळ थरात लागत नाही. मला आवडतं ते हे की त्यानं गोष्ट नुसती बघितली नाही, ती चपटी केली. आपल्या आयांनी मात्र पुरण पिढ्यान्‌पिढ्या गोळा करूनच फ्रीजरात टाकलं.

जानेवारीत मटार मंडईत ढिगानं येतो. तो सोलायला घरातले सगळे टीव्हीसमोर बसतात, आणि टरफलांचा तो हिरवा, ओलसर, किंचित गोड वास सोफ्याला दोन दिवस राहतो. उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं आणि लगेच बर्फाच्या पाण्यात, नाहीतर आतली एन्झाइमं फ्रीजरातही हळूहळू रंग-चव खात राहतात. इथे मला मान्य करायला हवं, बर्फ लागला. ट्रेमध्ये लावला होता. आणि दुसऱ्यांदा बर्फाची आठवण झाली ती आईच्या गुडघ्यामुळे. डॉक्टरांनी शेकायला सांगितलं, गार. खड्यांची पिशवी गुडघ्यावर धड बसेना, टोचे, ठिबके. मटारची पिशवी मात्र फडक्यात गुंडाळून ठेवली की गुडघ्याला हवी तशी वाकून बसते. त्या पिशवीवर बायकोनं मार्करनं 'गुडघा' असं लिहिलं आहे, म्हणजे चुकून उसळीत जायला नको. पाहुण्यांनी फ्रीजर उघडला की 'पुरण', 'नारळ', 'गुडघा' असं वाचून ते आमच्याकडे जरा निरखून बघतात.

आई मात्र यंत्र बंद करण्याच्या बाजूची कधीच नव्हती. "पैसे मोजलेत त्याचे," हा तिचा एक मुद्दा, आणि त्याला उत्तर नाही. तिनं वाड्यात खडे मोजून वाटले आहेत. हात न लावता डबा भरतो, ही तिच्या दृष्टीनं श्रीमंती आहे, आणि श्रीमंती बंद करून तिथे मटार ठेवणारा मुलगा तिला जरा कोता वाटतो. "उद्या कोणी मागायला आलं तर?" मी म्हणालो, आता कोणी बर्फ मागत नाही. ती म्हणाली, "तुझ्याकडे नाही म्हटल्यावर कसं मागतील?" यावर मी बराच विचार केला. तिचं अगदीच चुकतंय असं मला अजूनही म्हणता येत नाही.

खरी पंचाईत उन्हाळ्यात होते. बर्फ लागतो तो त्याच दोन महिन्यांत, आणि रस साठवायचा तोही त्याच. पन्हं आलं, कोकम आलं, भाचरं येतात, तेव्हा यंत्र चालू करावंच लागतं. मग मी डब्यात एक चौकोनी, झाकणाचा डबा आडवा ठेवला, त्यात लिंबाच्या रसाचे खडे. बर्फाला उरलेल्या अर्ध्या भागातच पडावं लागतं, तिथला ढीग लवकर उंच होतो आणि तार लवकर अडते. डब्यात दांडा नाही म्हणून हे चालतं, आणि झाकलेला डबा तारेच्या वाटेत येणार नाही एवढं बघावं लागतं. अर्धा बर्फ आम्हाला पुरून उरतो. तो उरतो त्याचंही मला हल्ली वाईट वाटत नाही. वीज गेली आणि दार उघडलं नाही तर भरलेला फ्रीजर साधारण ४८ तास तग धरतो, अर्धा भरलेला २४ तास. बर्फ वितळताना भरपूर उष्णता गिळतो म्हणून ही मुदत मिळते. दिवसभराच्या दुरुस्तीसाठी वीज बंद असली की आई डब्याकडे बोट दाखवते. बोलत नाही, नुसतं बोट.

या सगळ्यात बायको गप्प होती, आणि ती का गप्प होती ते पहिल्या हिवाळ्यात कळलं. तिचं माहेर रत्नागिरीचं. सासरे अधूनमधून रात्रीच्या गाडीनं थर्माकोलचा खोका पाठवतात, सुरमईच्या तुकड्यांचा, चुऱ्या बर्फात रोवलेला. आमच्याकडे मासे बाहेर खायचे, घरात आणायचे तर त्याच दिवशी संपवायचे, असा अलिखित करार होता, कारण फ्रीजरात आईचं पुरण. रिकामी झालेली बर्फाची जागा बघून बायको सहज म्हणाली, "तो डबा वेगळाच आहे नाही? झाकणसुद्धा बसेल त्याला." आई पेपर वाचत होती. पेपर खाली न घेता म्हणाली, "वरच्या खणात. आणि खालच्या कप्प्यांना हात लावायचा नाही." एवढ्यावर अनेक वर्षांचा प्रश्न मिटला. अट एकच की यंत्र चालू करायच्या आधी डबा खायच्या सोड्यानं दोनदा धुवायचा आणि सुरुवातीचे दोन-तीन घाणे बर्फ फेकून द्यायचे. नळीत पाणी साचून राहिलेलं असतं, तेव्हा ते तसेही फेकायचेच असतात, हे मी आईला सांगितलेलं नाही. तिला वाटतंय ती अट तिची आहे.

या वर्षीचं गणित अवघड आहे. पावसाळ्यातली मासेमारीबंदी ३१ जुलैला उठते, नारळी पौर्णिमा झाली की सासऱ्यांचा फोन येणारच. पण गणपतीच्या तोंडावर नारळ महागतो म्हणून आईनं आधीच खवून ठेवायचं ठरवलंय, आणि तिला मोदकांचा नारळ 'त्या' डब्याच्या वर, खाली, शेजारी कुठेच नकोय. काल रात्री दोघींची बोलणी झाली, मी फक्त पिशव्यांची जाडी मोजायला होतो. खोका गौरी-विसर्जनानंतर पाठवा, असं रत्नागिरीला कळवलं आहे.